गोन्सालोंच्या टेकडीपासून उराकामीपर्यंत: नागासाकीत दोघांचा एक दिवस

जपानला जाणारी आपल्याकडची बहुतेक जोडपी तोक्यो, फुजी, क्योतो आणि ओसाका एवढं करून परततात. नागासाकी नकाशात पार पश्चिमेला, क्युशू बेटाच्या टोकाला आहे, म्हणून ते यादीतून गळतं. तुम्ही दोघं कॅथलिक असाल, त्यातही वसईचे असाल, तर यादीतून दुसरं काहीही गाळा, पण नागासाकी ठेवा. वसईत जन्मलेले आणि पुढे संत म्हणून घोषित झालेले गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच शहरातल्या टेकडीवर क्रुसावर ठार मारण्यात आलं. आपण लहानपणापासून ज्यांचा सण करतो, त्यांनी जीव दिला ती जागा रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे.

एका दिवसात पर्यटन आणि भक्ती दोन्ही कशी साधायची, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी इथे लिहिते आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: ठिकाणं जवळ-लांब बघून लावू नका, काळाच्या क्रमाने लावा. आधी १५९७, मग १८६५, मग १९४५. या क्रमाने फिरलात की इथल्या ख्रिस्ती लोकांनी काय सोसलं आणि काय टिकवलं, ते कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घरून निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टला जपानचा व्हिसा लागतो. तो हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असंच ठेवा. नागासाकीला पोहोचण्याची सोयीची वाट म्हणजे फुकुओकातल्या हाकाता स्टेशनवरून ट्रेन. ताकेओ-ओन्सेनला समोरच्याच फलाटावर गाडी बदलायची आणि पुढे २०२२ मध्ये सुरू झालेली निशी-क्युशू शिन्कान्सेन धरायची. एकूण दीड तास धरून चाला. विमानाने गेलात तर विमानतळ खाडीपलीकडे ओमुरा शहरात आहे. तिथून बसने पाऊण तास लागतो.

आदल्या संध्याकाळी पोहोचा आणि स्टेशनजवळच राहा. सकाळी पोहोचून रात्री परतायचं ठरवलंत तर दिवस घड्याळाकडे बघण्यात जाईल.

तीन गोष्टी आधीच बघून ठेवा. पहिली, मिस्साची वेळ. नागासाकी धर्मप्रांतातल्या चर्चांच्या वेळा इंटरनेटवर मिळतात, आणि हॉटेलच्या काउंटरला सांगितलं तर ते फोन करून विचारतात. साध्या दिवशीचा मिस्सा जपानमध्ये बऱ्याचदा भल्या पहाटे असतो, हे लक्षात ठेवा. दुसरी, त्या दिवशी शहराच्या उराकामी भागातल्या चर्चमध्ये किंवा स्मारकाजवळ काही मोठा विधी आहे का. ९ ऑगस्टला, म्हणजे अणुबॉम्बच्या स्मृतिदिनी, शहरात प्रचंड गर्दी असते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रक्तसाक्षींच्या, म्हणजे गोन्सालो आणि त्यांच्याबरोबर श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांच्या, स्मरणार्थ टेकडीवर उघड्यावर मिस्सा होतो. त्या दिवसांत जाणं जमलं तर भाग्यच, पण हॉटेल खूप आधी घ्यावं लागेल. तिसरी गोष्ट बूट. नागासाकी सगळं चढ-उतारांचं शहर आहे, दगडी पायऱ्या संपता संपत नाहीत. नवीन बूट घालून जाऊ नका. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो, तेव्हा तर मुळीच नको.

रोख येन जवळ असू द्या. दानपेटी, मेणबत्ती आणि छोटी उपाहारगृहं यांना कार्ड चालेलच असं नाही. ट्रामसाठी एका दिवसाचा पास मिळतो, तो घ्या. तो ट्राममध्ये विकत नाहीत, हॉटेलात किंवा स्टेशनवरच्या पर्यटन केंद्रात घ्यावा लागतो. ट्राममध्ये मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरताना भाडं द्यायचं किंवा पास दाखवायचा. भाडं कुठेही उतरलात तरी सारखंच.

सकाळी नऊ: निशिझाका टेकडी

स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडून चढ चढलात की निशिझाका. समोर लांबलचक दगडी भिंत आणि तिच्यावर ब्राँझच्या सव्वीस मूर्ती एका रांगेत. शिल्पकार यासुताके फुनाकोशी. स्मारक १९६२ साली उभं राहिलं, कारण या सव्वीस जणांना संत घोषित करून त्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण होत होती. मूर्तींचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. क्रूसही दाखवलेले नाहीत. सगळे वर चालले आहेत असं वाटतं.

इथे घाई करू नका. आधी नुसतं बघा, मग कोण कोण होते ते समजून घ्या. सहा फ्रान्सिस्कन मिशनरी: चार स्पेनचे, एक मेक्सिकोचे फेलिपे आणि एक आपले गोन्सालो. तीन जपानी येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, त्यांत पावलो मिकी. उरलेले सतरा जपानी प्रापंचिक: स्वयंपाकी, सुतार, दुभाषे असे साधे लोक. रांगेत ठेंगण्या मूर्ती दिसतील त्या मुलांच्या. सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमावरून क्योतोत त्यांच्या कानाची पाळी कापली आणि ऐन हिवाळ्यात महिनाभर चालवत इथपर्यंत आणलं, वाटेतल्या गावांना दहशत बसावी म्हणून. नागासाकी मुद्दाम निवडलं, कारण ते ख्रिस्ती लोकांचं शहर होतं.

गोन्सालोंबद्दल आपण सणाच्या प्रवचनात ऐकतो, पण त्यांचं काम इथे उभं राहिल्यावर नीट कळतं. वडील पोर्तुगीज, आई वसईची. वसई किल्ल्यात येशूसंघीयांकडे शिक्षण झालं. त्यांच्याबरोबरच तरुणपणी जपानला गेले, भाषा इतकी उत्तम शिकले की लोकांना उपदेश करू लागले. पुढे काही काळ व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले आणि १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर जपानला परतले ते त्यांचे दुभाषे म्हणून. हिदेयोशीसमोर फ्रान्सिस्कनांचं म्हणणं मांडलं ते वसईच्या या माणसाने. ते कधी धर्मगुरू झाले नाहीत, शेवटपर्यंत ब्रदरच राहिले. संसारी जोडप्याला हे संत जवळचे वाटतात, ते मला वाटतं यामुळेच.

रांगेत त्यांची मूर्ती कोणती, हे स्मारकामागच्या संग्रहालयात विचारा. ‘गोन्सारो गारुशिया’ असं म्हणा, लगेच समजेल. ‘इन्दो’ म्हणजे भारत, तेही सांगा. आपण त्यांच्या गावचे आहोत हे कळल्यावर तिथले लोक खरोखर हरखतात. संग्रहालयाचं तिकीट माफक आहे आणि एक तास सहज जातो. ‘बर्फाची मारिया’ म्हणून ओळखलं जाणारं कागदावरचं जपानी शैलीतलं जुनं चित्र चुकवू नका. बंदीच्या काळात ख्रिस्ती कुटुंबांनी ते लपवून जपलं. तिथेच मारिया-कान्नोनच्या मूर्ती आहेत. बाहेरून बौद्ध देवी कान्नोन, आणि घरातल्यांच्या मनात मारिया माता.

बाजूला दोन उंच, नक्षीदार मनोऱ्यांचं चर्च दिसतं ते संत फेलिपे यांचं. उघडं असेल तर आत दहा मिनिटं बसा. दोघांनी मिळून एक प्रार्थना करायची असेल तर ती इथे करा, मराठीत, मोठ्याने म्हटलीत तरी चालेल इतपत शांतता असते. संत पोप जॉन पॉल दुसरे १९८१ साली आणि पोप फ्रान्सिस २०१९ साली या टेकडीवर येऊन गेले.

साडेदहानंतर: ओउरा तेन्शुदो

स्टेशनसमोरच्या थांब्यावरून निळी, म्हणजे १ क्रमांकाची ट्राम धरा आणि शिन्ची चुकागाईला उतरून हिरव्या ५ क्रमांकाच्या ट्राममध्ये बसा. ओउरा तेन्शुदो हे चर्चचं नाव, आणि थांब्याचंही तेच. पुढे दुकानांनी भरलेला चढ. खरेदी येताना करा, जाताना नको.

इथल्या चर्चची गोष्ट समजायला मधली अडीचशे वर्षं डोळ्यांसमोर आणावी लागतात. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरूंना हाकललं किंवा मारलं. येशूच्या किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून धर्म सोडल्याचं दाखवा, अशी सक्ती लोकांवर झाली. एकही फादर उरला नाही. तरी नागासाकीच्या आसपासच्या गावांनी धर्म सोडला नाही. गावातलाच एक माणूस बाळांना बाप्तिस्मा देई, दुसरा सणांची दिनदर्शिका सांभाळी, आणि प्रार्थना तोंडपाठ करून आईबाप मुलांना देत. सात पिढ्या असंच चाललं.

मग बंदर परदेशी लोकांसाठी खुलं झालं आणि फ्रेंच मिशनऱ्यांनी १८६४ साली हे चर्च उभारलं, फक्त परदेशी लोकांसाठी. ते सव्वीस रक्तसाक्षींना वाहिलेलं आहे आणि त्याचं तोंड निशिझाकाच्या दिशेने आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची काही माणसं दाराशी आली. फादर बर्नार्ड पेतिझाँ यांनी त्यांना आत घेतलं. एका बाईने त्यांच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं की आमची सर्वांची मनं तुमच्यासारखीच आहेत, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? मूर्ती बघून ती माणसं म्हणाली, आम्ही सध्या दुःखाचा काळ पाळतो आहोत. आणि खरोखरच तेव्हा प्रायश्चित्तकाळ (लेंट) चालू होता. फादर नाहीत, पुस्तक नाही, तरी दिवस चुकला नव्हता.

ती मूर्ती आजही आत उजव्या बाजूच्या वेदीवर आहे. तिच्यासमोर बसायला वेळ राखून ठेवा, कारण माझ्या मते सबंध दिवसाचं हृदय तेच आहे. आमच्यापैकी कितीतरी जणांना मिस्सा चुकवायला पाहुणे आले एवढं कारण पुरतं. या लोकांना सात पिढ्या मिस्साच मिळाला नाही, आणि तरी तो पुन्हा मिळेल म्हणून ते थांबून राहिले.

काही व्यावहारिक गोष्टी. तिकीट पायथ्याशी घ्यायचं, माणशी सुमारे १००० येन, त्यात शेजारचं संग्रहालयही आलं. ही बॅसिलिका आहे, जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे आणि २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. त्यामुळे आत फोटो काढायला सक्त मनाई आहे आणि ती मोडू नका. रोजचे मिस्सा इथे होत नाहीत, त्यासाठी जवळच वेगळं नवं चर्च आहे. मिस्सासाठी धावतपळत इथे येऊन दार बंद दिसलं म्हणून खट्टू होणारे पर्यटक दिसतात. वर मान करून छत बघा: कमानी युरोपच्या, पण काम जपानी सुतारांचं, लाकूड, बांबू आणि गिलाव्यातलं.

शेजारीच ग्लोव्हर गार्डन आहे, स्कॉटिश व्यापारी थॉमस ग्लोव्हर यांचं १८६३ सालचं घर आणि त्याभोवतीची बाग. बंदराचा देखावा तिथून फार छान दिसतो. दोघांपैकी एकाला चर्चमध्ये अजून बसायचं असेल आणि दुसऱ्याला फिरायचं असेल, तर इथे तासभर वेगळे व्हा. ओढूनताणून दोघांनी सगळीकडे एकत्र जायला हवं असं नाही. एकाची भक्ती आणि दुसऱ्याची चुळबुळ एकाच बाकावर बसली की दोघांचाही वेळ जातो.

जेवण

इथला पदार्थ चाम्पोन: जाड नूडल्स, भाज्या, मासे, कोळंबी आणि डुकराचं मांस, सगळं एका दाट रश्श्यात. १८९९ साली सुरू झालेलं शिकाईरो हे चाम्पोनचं मूळ घर मानतात, ते ओउराच्या पायथ्याशीच आहे. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी गेलात तर मांसाचा प्रश्न येईल. ‘निकु नाशि’ म्हणजे मांसाशिवाय, पण रस्सा बहुधा हाडांचाच असतो. त्या दिवशी सरळ मासे-भात देणारं उपाहारगृह शोधा. पूर्ण शाकाहारी असाल तर सकाळीच दुकानातून फळं, ब्रेड आणि साधे भाताचे गोळे घेऊन ठेवा.

गोडात कासुतेरा. पोर्तुगीजांनी आणलेला हा अंड्याचा केक नागासाकीने पूर्ण आपलासा केला आहे. घरी नेण्यासाठी याहून चांगली भेट नाही, फक्त खोक्यावरची टिकण्याची तारीख बघून घ्या.

दुपारी अडीच-तीन: उराकामी

पुन्हा ट्राम, शिन्चीला बदल, आणि १ क्रमांकाने आकासाकोच्या दिशेने. ‘गेनबाकु शिर्योकान’ थांब्यावर उतरलात तर अणुबॉम्ब संग्रहालय आधी लागतं, ‘हेइवा कोएन’ला उतरलात तर शांती उद्यान. मी म्हणेन संग्रहालय आधी. दीड तास द्या. तिथून बॉम्बस्फोटाच्या केंद्रबिंदूवर या. काळ्या दगडाच्या खांबाजवळच जुन्या उराकामी चर्चच्या भिंतीचा तुकडा उभा करून ठेवला आहे. तिथून रोझरी हातात घ्या आणि चर्चपर्यंत चालत जा. साधारण दहा-पंधरा मिनिटांची वाट आहे, दोघांनी मिळून रोझरीची पाच दशकं म्हणून होतात.

उराकामीचे लोक तेच, जे १८६५ साली ओउराच्या दाराशी गेले होते. त्यानंतरही त्यांना सुख मिळालं नाही. उघडपणे ख्रिस्ती असल्याचं सांगितलं म्हणून तीन हजारांहून जास्त गावकऱ्यांना देशोधडीला लावलं, शेकडो त्यात मेले. १८७३ साली बंदी उठली, उरलेले परत आले आणि चर्च बांधायला लागले. तीस वर्षं राबून त्यांनी त्या काळातलं पूर्व आशियातलं सर्वांत मोठं चर्च उभं केलं. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो या चर्चपासून अर्ध्या किलोमीटरवर. मारिया मातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता, आत कन्फेशन चालू होतं. आत असलेलं कुणीही वाचलं नाही. धर्मग्रामातल्या सुमारे १२,००० लोकांपैकी ८,५०० मरण पावले.

आत्ताचं चर्च १९५९ सालचं. अंगणात काळवंडलेल्या, शिरं तुटलेल्या संतांच्या मूर्ती आहेत. बाजूच्या उतारावर घंटेचा मनोरा पडला तिथेच राखून ठेवला आहे, तो मुद्दाम जाऊन बघा. आत एका छोट्या प्रार्थनामंदिरात लाकडी मारिया मातेचं फक्त मस्तक आहे, डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा. ढिगाऱ्यातून ते सापडलं. जुन्या दोन घंटांपैकी एक शाबूत निघाली, ती १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्री वाजवली गेली. दुसऱ्या घंटेची जागा ऐंशी वर्षं रिकामी होती. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

चर्चपासून थोडं पुढे न्योकोदो आहे. डॉक्टर ताकाशी नागाई यांची दोन चटयांची झोपडी. जोडप्याने इथे जायलाच हवं. नागाई क्ष-किरणांचे डॉक्टर होते. पुढे त्यांची पत्नी झालेल्या मिदोरी उराकामीच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, लपून धर्म जपणाऱ्यांच्या वंशजांपैकी. तिच्या घरच्या श्रद्धेमुळे ते ख्रिस्ती झाले आणि दोघांचं लग्न झालं. बॉम्बच्या दिवशी नागाई इस्पितळात होते. जखमींची शुश्रूषा करून घरी पोहोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी मिदोरीची हाडं होती, आणि हाडांजवळ वितळलेली रोझरी. त्यांना आधीच रक्ताचा कर्करोग होता. शेवटची वर्षं त्यांनी दोन मुलांसह या झोपडीत अंथरुणाला खिळून लिहिण्यात घालवली आणि १ मे १९५१ रोजी देह ठेवला. मिळालेल्या पैशांतून उराकामीच्या राखेत चेरीची हजार झाडं लावली. खिडकीतून आत डोकावून बघायला दोन मिनिटं लागतात. शेजारचं छोटं संग्रहालय मात्र संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून चारनंतर रेंगाळू नका.

मिस्सा कसा असतो

जपानी येत नसलं तरी अडत नाही, क्रम तोच आहे. प्रवेश करताना आणि वेदीसमोर गुडघा टेकवण्याऐवजी लोक खोल वाकतात. शांतीचं चिन्ह देताना हात मिळवत नाहीत, एकमेकांकडे वळून वाकतात. आपल्याकडे आपण हात जोडतो, तसंच करा, ते अगदी जुळून जातं. काही ज्येष्ठ स्त्रिया डोक्यावर पांढरा झिरझिरीत पदर घेतात. तुम्हाला सक्ती नाही. ख्रिस्तप्रसाद हातात घेण्याची पद्धत आहे. तुमचा जोडीदार कॅथलिक नसेल तर त्याने बाकावर बसून राहावं, किंवा रांगेत येऊन मस्तक झुकवावं म्हणजे फादर आशीर्वाद देतात. मागच्या बाकांवर बसा आणि पुढचे करतील तसं करा.

‘मिसा वा नानजि देसु का’ म्हणजे मिस्सा किती वाजता आहे. ‘क्योकाई’ म्हणजे चर्च. एवढ्यावर काम भागतं. लग्नाचा वाढदिवस असेल तर मिस्सानंतर फादरांना भेटून आशीर्वाद मागा. आधी चिठ्ठीवर जपानीत लिहवून नेलंत तर बरं.

दिवस रविवार असेल तर

क्रम बदला. सकाळचा मिस्सा उराकामीला, मग तिथलं सगळं पाहून दुपारी निशिझाका आणि शेवटी ओउरा. काळाचा क्रम मोडतो, पण जपानमध्ये कॅथलिक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असताना भरलेल्या चर्चमध्ये त्या लोकांच्या शेजारी बसून मिस्सा ऐकणं, हे क्रमापेक्षा मोठं आहे.

संध्याकाळ

इनासा डोंगर ३३३ मीटर उंच आहे, वर रोपवे जातो आणि रात्रीचं शहर दिसतं. दमला असाल तर सोडून द्या. संग्रहालय आणि उराकामी एकाच दुपारी पाहिल्यावर खूप जणांना बोलावंसंही वाटत नाही, तेव्हा जोडीदाराला जेवताना बोलतं करायचा आग्रह धरू नका.

जास्तीचा एक दिवस काढता आला तर सोतोमे भागात जा. बसने तासाभराहून थोडं जास्त लागतं. ज्या गावांत धर्म लपून जगला त्यांपैकी हा भाग, आणि शित्सु गावात फ्रेंच फादर द रोत्झ यांनी १८८२ साली बांधलेलं बुटकं पांढरं चर्च समुद्राच्या वाऱ्याला पाठ देऊन उभं आहे. आत जायला आधी नोंद करावी लागते आणि परतीच्या बस मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ थांब्यावर उतरल्या उतरल्या लिहून घ्या.